चाकांवरून खिद्रापूर : जुन्या देवळात व्हीलचेअर नेताना काय बघायचं, काय विचारायचं

राधानगरीतनं बोलतोय. ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा ज्यांच्याकडं रेंज आपल्या दाजीपूरच्या जंगलासारखी आहे, त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीप्रमाणं लिहून देतोय. बोलताना आलेले 'म्हणजे', 'तर', 'बघा' जरा कमी केलेत. सगळे काढले तर तो मी वाटणार नाही.

गेल्या महिन्यात एक व्हॉइस मेसेज आला. आठवीतली मुलगी आहे. नाव, गाव, शाळा काही सांगत नाही. ती म्हणते, "दादा, आमची सहल खिद्रापूरला जाणार आहे. मी व्हीलचेअर वापरते. सर म्हणाले, तिथं सगळं दगडी आहे, तुला त्रास होईल, तू घरीच थांब, आम्ही तुला फोटो दाखवतो. मी जाऊ का नको?"

हा मेसेज मी चार वेळा ऐकला. कारण मी आठवीत असताना माझीही सहल खिद्रापूरला गेली होती. मी गेलो होतो, म्हणजे बस गेली होती आणि मी बसमध्ये होतो. पोरं देऊळ बघून आली. मला खिडकीतनं एक भिंत आणि पेरू विकणारी एक मावशी दिसत होती. जयसिंगपूरला सगळ्यांनी भडंग घेतलं, मलाही दिलं. कुणी वाईट वागलं नाही. फक्त मी देऊळ बघितलं नाही.

तर या महिन्यात मी परत गेलो, दोन मित्रांना घेऊन, त्यातल्या एकाच्या ओम्नीतनं. या वेळी गाडीतनं उतरलो. त्या मुलीला उत्तर द्यायचं तर आधी स्वतः जाऊन बघायला पाहिजे होतं.

आधी, हे देऊळ काय आहे?

खिद्रापूर शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठावर, कर्नाटकाच्या हद्दीला लागून आहे. कोल्हापूरपासून साधारण ६० किलोमीटर. आपल्या राधानगरीहून एका बाजूचा प्रवास शंभरच्या वर जातो. गंमत म्हणजे आपल्या धरणाचं पाणी तिथं आपल्याआधी पोचलेलं असतं. भोगावती पंचगंगेत, पंचगंगा नरसोबावाडीला कृष्णेत आणि मग तीच कृष्णा खिद्रापूरवरनं पुढं.

इथलं कोपेश्वर मंदिर बाराव्या शतकातलं, शिलाहार राजांच्या काळातलं. पुढं यादव राजा सिंघण दुसरा यानं देवळाला दान दिल्याचा शिलालेख तिथं आहे, तो १२१४ च्या सुमाराचा. म्हणजे आठशे वर्षांपूर्वीही हे देऊळ उभं होतं आणि चालू होतं. आज ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे आणि तिथं रोज पूजाही होते. या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा, पुढं लागणार आहेत.

गोष्ट अशी सांगतात : दक्षाच्या यज्ञात सती गेली, शंकर कोपला, म्हणून कोपेश्वर. त्याचा राग शांत करायला विष्णू आला, तो धोपेश्वर. म्हणून गाभाऱ्यात दोन लिंगं आहेत. शंकराचं देऊळ असून समोर नंदी नाही, कारण सती नंदीवर बसून माहेरी गेली. तो नंदी यडूरला आहे, असं लोक मानतात.

देऊळ एक, पण हद्दी तीन

"तिथं व्हीलचेअर जाते का?" असा प्रश्न विचारला की उत्तर 'हो' किंवा 'नाही' येतं आणि दोन्ही उत्तरं चुकीची असतात. जुनं कुठलंही ठिकाण असू द्या, त्याचे तुकडे करून विचारायचं. कोपेश्वराचे तीन तुकडे पडतात.

पहिला तुकडा म्हणजे देवळाभोवतीचं आवार. इथं चाकं फिरतात, पण सगळीकडं सारखी नाही. दगडांच्या फटीत व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं अडकतात आणि खुर्ची पुढं कलंडते. उपाय सोपा आहे : मागच्या माणसानं खुर्ची जरा मागं कलती करायची, पुढची चाकं उचलायची आणि मोठ्या चाकांवर ती जागा पार करायची.

मी देवळाला पूर्ण चक्कर मारली. एक तास लागला, कारण मी सारखा थांबत होतो. देवळाच्या तळाशी चारी बाजूंनी हत्ती कोरलेत, नव्वदच्या वर. त्याला गजथर म्हणतात. सगळं देऊळ त्यांच्या पाठीवर उभं आहे असं वाटतं. बऱ्याच हत्तींच्या सोंडा तुटल्यात. उभा माणूस वरच्या मूर्तींकडं बघत बघत पुढं जातो. मी बसलेला, त्यामुळं माझ्या नजरेला पहिले हत्तीच आले. त्यांच्या अंगावरचे साज, पाठीवरच्या देवता, सगळं अगदी तोंडासमोर. माझा एक मित्र याआधी दोनदा येऊन गेलाय. तो म्हणाला, "आयला, एवढे हत्ती होते होय इथं?"

दुसरा तुकडा स्वर्गमंडप. देवळाच्या पुढचा हा खुला मंडप. ४८ खांब आणि मधोमध छताला गोल मोकळी जागा, सुमारे १३ फूट व्यासाची. तिथनं थेट आभाळ दिसतं. तिच्या बरोबर खाली जमिनीत तेवढीच गोल शिळा आहे आणि भोवती १२ खांबांचं वर्तुळ. मात्र इथं जायला पायऱ्या आहेत.

तिसरा तुकडा आतला : सभामंडप, अंतराळ, गाभारा. इथं पायऱ्यांपेक्षा उंबरे नडतात. शिवाय उजेड कमी आणि दगड गुळगुळीत.

मग रॅम्प का बांधत नाहीत?

हा प्रश्न मलाही पडायचा. आधी गणित बघू. स्वतःच्या हातानं चाक फिरवत चढता येईल अशा रॅम्पचा सर्वसाधारण नियम १ : १२ चा. म्हणजे एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी. सहा इंचाच्या एका पायरीला सहा फूट, आणि तीन फुटांच्या जोत्याला छत्तीस फूट. वर मध्ये टेकायला सपाट जागा पाहिजे ती वेगळी. एवढा सिमेंटचा रॅम्प कोरीव जोत्याला चिकटवला तर त्याच्यामागं हत्ती झाकले जातील. जे बघायला आलो तेच गेलं.

दुसरं, कायदा. प्राचीन स्मारकांचा कायदा १९५८ चा. २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकापासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आहे, तिथं नवीन बांधकाम चालत नाही. त्याच्या पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र, तिथं परवानगी लागते. त्यामुळं 'गावानं वर्गणी काढून रॅम्प बांधूया' हे चांगल्या मनानं म्हटलं तरी करता येत नाही. स्मारकात काही करायचं तर ते पुरातत्त्व खात्यानंच करायचं.

पण म्हणून काहीच करता येत नाही, असंही नाही. जतन करणारे लोक जगभर एक तत्त्व मानतात : जे नवीन कराल ते उद्या काढता आलं पाहिजे आणि मूळ दगडाला धक्का लागता कामा नये. लाकडी किंवा धातूचा सुटा रॅम्प यात बसतो. तो जोत्याला खिळा न मारता नुसता टेकवून ठेवता येतो आणि नको तेव्हा बाजूला सरकवता येतो. फटी असलेल्या वाटेवर फळ्यांची पट्टी टाकता येते. म्हणजे वाद रॅम्प आणि वारसा यांच्यात नाही. कायमचा रॅम्प आणि सुटा रॅम्प यांच्यात निवड करायची आहे.

'शक्य तितकं' म्हणजे किती?

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा एक करार आहे, २००६ चा. भारतानं तो २००७ मध्ये मान्य केला. त्याचं ३० वं कलम सांस्कृतिक जीवनाबद्दल आहे. नाटकघरं, संग्रहालयं, ग्रंथालयं आणि पर्यटन यांच्यासोबत राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचंही नाव त्यात आहे. पण फक्त स्मारकांच्या बाबतीत तिथं 'शक्य तितकं' अशी जोड आहे.

मला ही जोड समजते. रायगडाच्या प्रत्येक पायरीवर लिफ्ट लावा असं कुणी म्हणत नाही. अडचण अशी की 'शक्य' काय हे बहुतेक वेळा व्हीलचेअर न वापरणारा माणूस, जागेवर न जाता ठरवतो. त्या मुलीच्या बाबतीत हेच झालं. 'सगळं दगडी आहे' हे खरंय. पण त्या दगडांतली निम्मी जागा ती आरामात बघू शकते, हेही खरंय.

आपल्याकडं दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. त्याचं ४५ वं कलम सांगतं की असलेल्या सार्वजनिक इमारती ठराविक मुदतीत सगळ्यांना वापरता येतील अशा करायच्या. पण नियम बनवताना बऱ्याच गोष्टी 'करा' ऐवजी 'केलं तर बरं' अशा झाल्या होत्या. राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ८ नोव्हेंबर २०२४ ला हेच बोट ठेवलं. नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला आणि केंद्र सरकारला सक्तीचे नियम तीन महिन्यांत करायला सांगितलं. रतुरी स्वतः दृष्टिहीन आहेत आणि त्यांची मूळ याचिका २००५ ची. म्हणजे जवळजवळ वीस वर्षं.

आणि आपल्या मैत्रिणीच्या कामाचं कलम १६ वं. सरकारी मदत किंवा मान्यता असलेल्या शाळेनं दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि खेळ, मनोरंजन यांची संधी इतर मुलांच्या बरोबरीनं द्यायची. माझ्या मते सहल त्यातच येते. सरांशी भांडायला हे वापरू नका. पण 'माझ्यावर उपकार करा' असं म्हणायची गरज नाही, एवढं मनात असू द्या.

बाकी जगात काय केलंय?

अथेन्सचं ॲक्रोपोलिस म्हणजे डोंगरावरची अडीच हजार वर्षांपूर्वीची देवळं. तिथं डिसेंबर २०२० मध्ये कड्याच्या बाजूनं नवीन लिफ्ट सुरू झाली आणि वर काँक्रीटच्या वाटा केल्या. वाटांवरून बरीच टीका झाली, पुरातत्त्वाच्या जाणकारांनीही केली. इटलीत पॉम्पेईला दुसरा मार्ग धरला. सगळं शहर सोपं करण्याऐवजी त्यातनं तीन किलोमीटरच्या वर एक वाट निवडली आणि ती एकच नीट केली. २०१६ मध्ये ती खुली झाली. मला हा विचार आवडतो. सगळं दाखवता येत नसेल तर एक चांगली वाट द्या आणि ती कुठं संपते ते आधी सांगा.

महाराष्ट्रात वेरूळ या बाबतीत त्यातल्या त्यात बरं. १६ नंबरचं कैलास लेणं डोंगर वरनं खाली कोरत नेऊन केलंय, त्यामुळं आवारात जमिनीच्या पातळीवरनं शिरता येतं. अजिंठ्याला फर्दापूरच्या फाट्यावरनं बसनं वर जायचं आणि पुढं पायऱ्या. घारापुरीला धक्क्यापासून छोटी रेल्वे, मग शंभरच्या वर पायऱ्या. या दोन्ही ठिकाणी डोलीवाले असतात. चार माणसं खुर्ची खांद्यावर घेतात.

उचलणं : हो म्हणायचं का?

डोलीचं नाव काढलं, तर हे बोलायलाच पाहिजे. कुणी उचलून नेणं मला आवडत नाही. लहानपणी लग्नात, यात्रेत, दवाखान्यात न विचारता एवढ्या जणांनी उचललंय की आता काखेत हात आला तरी अंग ताठ होतं. पण स्वर्गमंडप मला बघायचाच होता. मग मी पायऱ्यांपाशी थांबून ठरवलं : मला उचलायचं नाही, खुर्ची चढवायची. मी खुर्चीतच बसणार आणि सूचना मी देणार.

पद्धत अशी. खुर्चीची पाठ पायऱ्यांकडं करायची. ती मागं कलती करून मोठी चाकं पायरीला टेकवायची. एक दणकट माणूस वर उभा राहून मागच्या मुठी धरतो आणि ओढतो. दुसरा खाली, समोर, खुर्चीची मुख्य चौकट धरून आधार देतो. हाताचे दांडे आणि पायठेवणं धरायचं नाही, ते निघून हातात येतात. एका वेळी एकच पायरी आणि प्रत्येक पायरीवर थांबा. 'एक, दोन, तीन' खुर्चीत बसलेल्यानं म्हणायचं. उतरताना तोंड उताराकडं, खुर्ची तशीच मागं कललेली, मोठ्या चाकांवर हळूहळू. ब्रेक, पट्टा, हवा आधी बघून घ्या. दगड ओला असेल तर हा प्रकार करूच नका. आणि बॅटरीची खुर्ची असेल तर विसरा, तिचं वजन कुणाला झेपत नाही.

आम्ही तिघं होतो, एका अनोळखी काकांनी हात दिला. त्यांनी आधी विचारलं, "कुठं धरू?" हा प्रश्न मला फार आवडला.

वर गेल्यावर मी त्या गोल शिळेपाशी थांबलो. वर आभाळाचा गोल तुकडा, भोवती खांब, त्यांच्यावर वाहनांसह दिक्पाल आणि कार्तिकेय. मित्र माना वर करून फिरत होते. मी खुर्ची जागेवरच गोल फिरवली आणि सगळं वर्तुळ एका दमात बघितलं. मग परत एकदा फिरवली. बारा वर्षांपूर्वी पोरं बसमध्ये येऊन 'वरनं भोक आहे, भोक' असं ओरडत होती, ते हे.

आतल्या उंबऱ्यापाशी मी थांबलो. काका म्हणाले, "चला की, एवढं आलाय तर." मी नको म्हटलं. हात दुखत होते आणि आत अंधारात चाक घसरायची भीती वाटत होती. एक मित्र आत जाऊन आला आणि त्यानं गाभाऱ्याचं वर्णन केलं : "दोन पिंडी आहेत. गार आहे." एवढंच! पण तिथं थांबायचं हे मी ठरवलं होतं. आठवीत ते दुसऱ्यांनी ठरवलं होतं.

चाकं म्हणजे चप्पल का?

हा प्रश्न फक्त चालत्या देवळांत येतो. आपण चपला बाहेर काढतो, मग रस्त्यावरनं आलेली चाकं? काही देवळांत मला यावरनं अडवलंय. आता मी पिशवीत ओलं फडकं आणि एक कोरडं फडकं ठेवतो. आत जाण्याआधी, लोकांच्या समोर, चारी चाकं पुसतो आणि मग पुजाऱ्यांना विचारतो, "येऊ का?" फडकं बघून बहुतेकांचा प्रश्नच मिटतो. तरी नाही म्हणाले तर निदान बोलणं शांतपणे होतं.

जाण्याआधी हे करा

हे स्क्रीनशॉट काढून ठेवा.

१. तिथं नुकतंच जाऊन आलेल्या कुणाला तरी फोन करा. 'जाता येतं का?' विचारू नका. 'गाडी कुठपर्यंत जाते? दारात पायऱ्या किती? उंबरा किती उंच? जमीन कशी आहे?' असं विचारा.

२. पायऱ्यांचा व्हिडिओ मागवा. फोटोत उंची कळत नाही. पायरीवर पाण्याची बाटली ठेवायला सांगा, मग अंदाज येतो.

३. आपल्या खुर्चीची रुंदी टेपनं मोजून फोनमध्ये लिहून ठेवा. साधी खुर्ची चोवीस ते सव्वीस इंच भरते. जुने दरवाजे अरुंद असतात.

४. बाथरूमचा प्रश्न सगळ्यात आधी सोडवा. वाटेत कुठं थांबायचं ते नक्की करा. बाथरूमच्या भीतीनं दिवसभर पाणी न पिता फिरायचं नाही.

५. वेळ निवडा. महाशिवरात्री, त्रिपुरारी पौर्णिमेला गर्दी असते. पावसाळ्यात शिरोळ तालुक्यात कृष्णेचं पाणी कसं चढतं हे २०१९ आणि २०२१ ला सगळ्यांनी बघितलंय. हिवाळ्यातली आठवड्यामधली सकाळ सगळ्यात चांगली.

६. कुठपर्यंत जायचं आणि कुठं थांबायचं, हे निघण्याआधी सोबत्यांना सांगा. जागेवर गेल्यावर सगळ्यांना जोर चढतो.

आणि तुझ्यासाठी, ताई

तू जा. सरांना असं सांग : "सर, मला आवार आणि हत्ती बघायचेत, त्याला कुणाची मदत लागत नाही, फक्त खुर्ची ढकलायला एक मैत्रीण. मंडपात जायचं की नाही ते मी तिथं ठरवीन. चढवायची पद्धत ह्या एपिसोडमध्ये आहे." सर वाईट नाहीत गं, घाबरलेत. तुला काही झालं तर जबाबदारी त्यांच्यावर येते. त्यांना पद्धत कळली की भीती कमी होईल. आईबाबांनाही सरांशी बोलायला सांग.

मंडपात जाता आलं नाही, तर बाहेर हत्ती मोज. नव्वदच्या वर आहेत एवढं मी सांगितलंय, नक्की आकडा तू पाठव. वर्गातल्या कुणालाच तो माहीत नसणार.

बाकी मंडळी, तुम्ही एखाद्या किल्ल्यावर, लेण्यात, देवळात चाकांवरनं किंवा काठीच्या आधारानं गेला असाल, तर पायऱ्या, उंबरे, बाथरूम, जे बघितलंत ते व्हॉइस मेसेजमध्ये सांगा. आपण एकेक ठिकाण असं नोंदवून ठेवू. पुढच्या भागात कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीबद्दल बोलू, जिथं १९४५-४६ मध्ये सांकळिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं. तिथंही जाऊन येतो आधी, मग सांगतो.

चला, काळजी घ्या. पाणी पीत जावा.